अमावास्येचं पाणी

पहिला फटका प्रल्हादच्या गुडघ्यावर बसला तेव्हा माझ्या हातात खोडरबर होतं. पोरं शाळेत वापरतात तेच, अर्धं लाल, अर्धं निळं. जुन्या कंप्युटरच्या कार्डाला खालच्या कडेला पिवळ्या पट्ट्या असतात. ती कड खाचेत बसते. पट्ट्यांवर मळ चढला की मशीन येड्यासारखं वागतं. मग कार्ड उपसायचं आणि ती कड खोडरबरानं घासायची, हा माझा पहिला इलाज. पुण्याहून आलेले इंजिनिअर या इलाजाला हसले होते. हसू द्या.

नळी लोखंडी होती, पाऊण इंची. मारणारा सोपान ढाकणे, मिलचा फोरमन. मार खाणारा प्रल्हाद निकाळजे, त्याच मिलचा इलेक्ट्रिशियन आणि अख्ख्या जालन्यात मी ज्याला मित्र म्हणावं असा एकच माणूस. त्याचे हात केबलच्या तुकड्यानं पाठीमागं बांधले होते. दाराशी मालक भवर शेठ रुमालानं मान पुसत उभे होते. सकाळचे अकरा वाजले होते. मिल बंद होती, आणि कंप्युटरच्या खोलीच्या काचेपलीकडं ऐंशी-नव्वद माणसं आत बघत होती. कोणी ओरडत नव्हतं. त्याचीच जास्त भीती वाटत होती.

"काय ओतलंस ते सांग," सोपान म्हणाला. "ओतलं का नाही, ते मी विचारतच नाही."

हा प्रश्न त्याचा नव्हता. अर्धा तास आधी तो माझ्याच तोंडातून निघाला होता.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. श्रीभैरव रोलिंग मिलमध्ये भंगाराच्या लोखंडापासून सळई निघायची. भट्टीतून लाल झालेली कांडी काढायची आणि सहा स्टँडमधून, म्हणजे रोलरच्या सहा जोड्यांमधून, एकामागून एक ओढत न्यायची. पहिल्या स्टँडात ती माणसाच्या चालीनं शिरते आणि सहाव्यातून मोटरसायकलच्या वेगानं बाहेर पडते. सहाही मोटरींचा वेग एकमेकीशी जुळलेला पाहिजे. तो जुळवायचं काम एक जर्मन कंप्युटर करायचा. तिकडची कुठलीशी मिल बंद पडली, तिचं सामान शेठनं आणलं, त्यात हाही आला. कपड्याच्या कपाटाएवढा. आत बारा कार्डं, समोर हिरव्या अक्षरांचा पडदा. त्याचा एक स्क्रूसुद्धा आता कुठं मिळत नव्हता.

एका मोटरीनं अर्धा सेकंद ढिलाई केली की मागची लाल सळई पुढंही जाऊ शकत नाही आणि थांबूही शकत नाही. ती वर उसळते. वीस-पंचवीस फूट, वेटोळी घेत. मिलमध्ये त्याला म्हणायचे साप सुटला.

चार महिन्यांत तीनदा साप सुटला, तिन्ही वेळा चौथ्या स्टँडपाशी. पहिल्यांदा छपराचा पत्रा फाटला. दुसऱ्यांदा एका बिहारी माणसाचा कान गेला. तिसऱ्यांदा, रविवारी, सोपानचा धाकटा भाऊ ज्ञानू. सळई मांडीतून आरपार गेली. लाल लोखंड मांसातून जातं तेव्हा रक्त फारसं येत नाही, आतल्या आत भाजून बंद होतं. त्यामुळं बघणाऱ्याला वाटतं, एवढं काही झालं नाही. ज्ञानू जीपमध्ये घालेपर्यंत बोलत होता. आईला सांगू नका म्हणत होता. सोमवारी त्याला जाळला आणि मंगळवारी मला बोलावणं आलं.

मला बोलवा म्हणून प्रल्हाद दोन महिने सांगत होता. मी सातवी नापास. जुन्या जालन्यात माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. कंप्युटर मी भंगारातून शिकलो, डिक्शनरी मांडीवर घेऊन. शेठला वाटायचं, रेडिओवाला काय करणार. पण पुण्याचे दोघं साहेब दोनदा येऊन गेले, हे फेकून द्या आणि नवीन घ्या म्हणाले, आणि चहा पिऊन गेले. दोष त्यांना दिसला नाही, कारण ते आले की मशीन शहाण्यासारखं चालायचं. बिघाड कायमचा असेल तर शेंबडं पोरही शोधतं. येतो-जातो तो बिघाड माणसाचा घाम काढतो.

मिलमधल्या माणसांचं वेगळंच म्हणणं होतं. तिन्ही साप अमावास्येनंतर चार-पाच दिवसांत सुटलेले. या मशीनला अवस पचत नाही, असं ते म्हणायचे. मी हे ऐकलं आणि हसलो. पुण्याच्या साहेबांसारखाच हसलो.

त्या मंगळवारी सकाळी सातला मी कपाट उघडलं. पाच व्होल्ट मोजले, बरोबर होते. पंखे बरोबर. पेचकसाच्या प्लॅस्टिकच्या मुठीनं एकेक कार्ड हलकं ठोकत गेलो. सातव्या कार्डाला टिचकी मारली की पडद्यावरचा चौथ्या मोटरीचा आकडा हलायचा. सातवं कार्ड चौथ्या मोटरीचंच. उपसलं. कडेच्या पट्ट्यांवर तपकिरी चिकट साय धरली होती, गुळाच्या पाकासारखी. खोडरबर त्याला चिकटून ओढलं जायला लागलं.

पुण्याच्या साहेबांना जे चार महिने सापडलं नाही ते मला साडेतीन तासांत सापडलं होतं. मी फुगलो. तिथं शेठ होते, सोपान होता, काचेपलीकडं माणसं होती, दार उघडं होतं. मी कार्ड वर धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा बोललो.

"हे आपोआप झालेलं नाही. आत कोणीतरी काहीतरी ओतलंय."

एवढंच. पुढं काय, कोण, कसं, याचा विचारच केला नव्हता. मला फक्त शाबासकी पाहिजे होती.

शेठनं हळूच विचारलं, कपाटाची किल्ली कोणाकडं असते. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं.

प्रल्हादवर डोळा आधीपासूनच होता. तो बौद्ध. मिलमध्ये दर अमावास्येला पूजा व्हायची, तेव्हा तो बाहेर जाऊन उभा राहायचा. कोणाला अडवायचा नाही, प्रसाद दिला तर घ्यायचा, पण हात जोडायचा नाही. आधी ही पूजा भट्टीपाशी व्हायची. जानेवारीत शेठच्या कुठल्याशा महाराजांनी सांगितलं, मशीनचं डोकं जिथं आहे तिथं पूजा करा. तेव्हापासून पूजा कंप्युटरच्या खोलीत आली. सोपान उंबऱ्यावर नारळ फोडायचा आणि शेठ ते पाणी हातानं कपाटावर शिंपडायचे. त्या वेळी प्रल्हाद सगळ्यांसमोर म्हणाला होता, शेठ, इथं पाणी नको. त्याचं म्हणणं मशीनपुरतं होतं. ऐकणाऱ्यांनी त्याची जात ऐकली. ह्याला आपला देव चालत नाही, असं त्या दिवशी ठरलं, आणि ठरलेली गोष्ट माणसं कामाला येईपर्यंत जपून ठेवतात.

त्याला मागच्या शेडमधून ओढत आणलं. शर्टाची बाही खांद्यातून उसवली होती. खोलीत आल्यावर त्यानं आधी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या कार्डाकडं. त्याला लगेच कळलं. शेठ विचारायच्या आतच तो म्हणाला, "नारळाचं पाणी आहे ते."

तेव्हा नळी गुडघ्यावर बसली.

पुढं सोपाननं घाईनं मारलं नाही. एक मारायचा, विचारायचा, उत्तर ऐकायचा, मग दुसरा मारायचा. हे मला कधी विसरता आलं नाही. रागानं मारणारा माणूस दमतो. हा भावाला अग्नी देऊन आला होता, त्याला दमायचं नव्हतं. तिसऱ्या फटक्याला प्रल्हाद खाली बसला. चौथा दुसऱ्या गुडघ्यावर आडवा बसला, आणि आवाज असा आला की शेठनं तोंड फिरवलं. थांबवलं मात्र नाही. बाहेरच्या माणसांना दोन दिवसांपासून कोणीतरी पाहिजे होतं. प्रल्हाद नसता तर तो माणूस शेठ ठरले असते, आणि शेठला हे माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

प्रल्हाद दर वेळी तेच सांगत होता. नारळ. पाचव्याला म्हणाला, सोपान, तूच फोडतोस ना. त्यावर सहावा बरगडीवर आला.

मग तो माझ्याशी बोलला. जमिनीला गाल टेकून.

"उत्तम, वास घे ना रे."

मी कार्ड नाकाशी नेलं. आंबलेल्या खोबऱ्याचा वास. बॅटरी घेऊन खाचेत बघितलं. लाल मुंग्या, मेलेल्या, पट्ट्यापट्ट्यांच्या मधे चिकटलेल्या. वरून शिंपडलेलं पाणी कपाटाच्या जाळीतून आत ओघळायचं, सातव्या खाचेत मुरायचं. ते गोड. चार दिवसांत त्याच्या वासानं मुंग्या यायच्या. एखादी मुंगी दोन पट्ट्यांच्या मधे आली की तिच्यातूनच वीज जायची, आणि चौथी मोटर अर्धा सेकंद आंधळी व्हायची. साप सुटला की शेठ घाबरून पूजा वाढवायचे. दुसऱ्या वेळी दोन नारळ होते. गेल्या अमावास्येला पाच.

आता मला सगळं ठाऊक होतं, आणि मी गप्प होतो. कारणं द्यायला मी आज मोकळा आहे, पण कारण एकच. भ्यालो. नळी माझ्यापासून चार हातांवर होती. मी सातवा, आठवा आणि नववा फटका उभ्या उभ्या बघितला. नवव्यानंतर प्रल्हाद बोलायचा थांबला आणि तोंडानं नुसता श्वास घ्यायला लागला, तेव्हा माझं तोंड उघडलं.

मी म्हणालो, तो खरं बोलतोय. नारळाचंच पाणी आहे. शेठ, तुम्ही शिंपडलेलं.

सोपान वळला. त्याच्या तोंडावर राग नव्हता आधी, नुसतं कोरं होतं. त्याला हिशोब कळायला थोडा वेळ लागला. नारळ त्यानं फोडला होता. स्वतःच्या हातानं, उंबऱ्यावर, दर अवसेला. म्हणजे ज्ञानूला कोणी मारलं, तर. ते वाक्य त्यानं आतल्या आत पुरं केलं असावं, कारण पुढच्या क्षणी त्यानं नळी टाकून दिली आणि उघड्या हातानं माझ्या तोंडात मारली. मी कपाटावर आदळलो. डावीकडचा वरचा दात तुटून जिभेवर आला. "देवावर घालतो काय रे रेडिओ," तो म्हणाला आणि दुसरी मारली. ऐंशी माणसांनी ते काचेतून बघितलं. मी चाळीशीला आलेला माणूस, दोन पोरांचा बाप, आणि माझ्या तोंडातून लाळ आणि रक्त शर्टावर पडत होतं.

शेठ मधे पडले. माझ्या दयेनं नाही. दार उघडं होतं, माझं बोलणं बाहेर गेलं होतं. कान गेलेला बिहारी माणूस काचेवर थाप मारून म्हणाला, मिल चालवून दाखवा, आत्ता. मागून बाकीचेही तेच म्हणायला लागले. शेठनं बाहेर बघितलं, मग माझ्याकडं.

"उत्तमराव, करून दाखवा. सगळ्यांदेखत पाणी टाका. साप सुटला तर मी खोटा." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "आणि नाही सुटला, तर तुम्हा दोघांना यांच्या हवाली करतो. मी आडवा येणार नाही."

पाण्यानं साप सुटणार नाही, अशी त्यांची खात्री होती. मनापासून. तो माणूस लबाड होता, पण देवाच्या बाबतीत खोटारडा नव्हता.

भट्टी चालूच होती, ती एकदा पेटली की विझवत नाहीत. मी स्पिरिटनं सातवं कार्ड पुसलं, खाच दाढीच्या ब्रशनं साफ केली, मुंग्या काढून कागदावर ठेवल्या. कार्ड बसवलं. आधी कोऱ्या मशीनवर पाच कांड्या घ्यायच्या ठरल्या. पाचही लोण्यातून सुरी जावी तशा गेल्या. पडद्यावर चौथ्याचा आकडा दगडासारखा स्थिर. काचेपलीकडं कुजबुज सुरू झाली, मशीन तर चांगलं चालतंय.

मग मिल थांबवली आणि देव्हाऱ्यातला नारळ आणला. फोडायचा कोणी, हा प्रश्न आला. सोपान पुढं आला. नेहमीसारखा उंबऱ्यावर फोडला, पाणी स्टीलच्या पेल्यात धरलं आणि पेला माझ्या हातात दिला. देताना थोडं पाणी माझ्या मनगटावर सांडलं.

ठरलं ते असं. सगळी माणसं कठड्यामागं जातील. मिल बंद पडून चालू झाली की सळईचं टोक चौथ्या स्टँडात सांडशीनं घालून द्यावं लागतं, ते काम सोपान करेल. टोक घातलं की तो मागं फिरेल, आठ-दहा पावलं चालून कठड्यामागं जाईल आणि हात वर करेल. हात वर दिसला की मी पाणी ओतायचं. मधे सात-आठ सेकंद. कोणी दुसरा जातो म्हणाला, पण सोपाननं ऐकलं नाही. ज्ञानू जिथं पडला तिथंच मी उभा राहणार, बघू देवाचं पाणी मला काय करतंय, असं म्हणून तो गेला.

प्रल्हादचे हात मी सोडले होते. दोन्ही पाय समोर पसरून तो भिंतीला टेकून बसला होता. गुडघे पँटीच्या आत एवढे सुजले होते की कापड ताठ झालं होतं. शेठ माझ्या शेजारी हात जोडून उभे. दार लावून घेतलं. मी कपाटाची मागची बाजू उघडून पेला घेऊन उभा राहिलो.

कांडी आली. पहिला स्टँड, दुसरा, तिसरा. सोपाननं सांडशीनं टोक पकडलं आणि चौथ्यात घातलं. सळईनं चौथा पकडला, पाचवा पकडला. सोपान वळला.

प्रल्हाद काहीतरी म्हणाला. मी पाणी ओतलं.

पडद्यावर चौथ्याचा आकडा शून्यावर आला. नंतरचं मी ऐकलं आधी आणि बघितलं मग. चाबूक ओढल्यासारखा आवाज, आणि चौथ्या स्टँडच्या तोंडातून लाल सळई वर उसळली, छपराला लागली, वाकली आणि वेटोळी होत खाली आली. मागून तिसरा स्टँड सळई ढकलतच होता. साप फुटा-फुटानं वाढत होता. एक वेटोळं सोपानच्या डाव्या पायाभोवती पडलं आणि आवळलं. तो पडला आणि त्यानं दोन्ही हातांनी ते काढायला बघितलं. माणूस असंच करतो. लाल सळईला दोन्ही हातांनी धरलं.

कोणीतरी मोठा खटका पाडला. मोटरी थांबल्या. मग सोपानचा आवाज ऐकू आला.

त्याला उचलून नेलं. पाय गुडघ्याखाली तिथंच राहिल्यासारखा झाला होता, डॉक्टरनं नंतर उरलेला काढला. जीप गेली. मग सगळ्यांना एकदम कळलं की सिद्ध झालं. तीन साप, एक कान, ज्ञानू, आणि आता सोपान, सगळं शेठच्या नारळातून आलं. शेठलाही त्याच क्षणी कळलं. ते मागच्या दारानं निघाले आणि वजनकाट्यापाशी सापडले. त्यांना माणसांनी चपलांनी मारलं, मग सळईच्या तुकड्यांनी. खांद्याचं हाड मोडलं, खालचा जबडा निखळला. पोलिसांची गाडी आली म्हणून जीव वाचला.

त्यातले पंधरा-वीस जण कंप्युटरच्या खोलीत आले. त्यांच्या हातात घण होते. मी बाजूला झालो. मशीन मी साफ केलं होतं, पाणी सुकलं असतं तर ते अजून वीस वर्षं चाललं असतं. बारा कार्डांचा चुरा झाला. हिरवा पडदा फुटला तेव्हा माणसांनी आरोळी दिली. मारायला काही उरलं नव्हतं, म्हणून ते बराच वेळ रिकाम्या कपाटालाच मारत राहिले.

जबाबात मी लिहून दिलं, काच धुरानं मळलेली होती, सोपान कठड्यामागं गेला असं वाटलं, म्हणून पाणी ओतलं. सगळ्यांनी तेच सांगितलं, काच मळलेलीच असते. अपघात म्हणून नोंद झाली. गावात मी मोठा झालो. पुण्याच्या साहेबांना जे जमलं नाही ते रेडिओवाल्या उत्तमनं केलं, निकाळज्याचा जीव वाचवला. दुकानात लोक मला बघायला यायचे.

नवव्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. डझनभर केळी घेऊन. लांबच लांब वॉर्ड होता. प्रल्हाद खिडकीशी, दोन्ही पाय प्लास्टरमध्ये. समोरच्या रांगेत तिसऱ्या खाटेवर सोपान, छताकडं बघत. त्या दोघांना एकाच वॉर्डात ठेवू नका, असं कोणीतरी म्हणालं होतं. प्रल्हादनंच सांगितलं, राहू द्या.

मी स्टुलावर बसलो. इकडचं तिकडचं बोललो. शेठची मिल बंद आहे, माणसं दुसरीकडं लागली, असं. मग म्हणालो, वाचलो बाबा आपण दोघं.

मग त्यानं समोर बघून घेतलं आणि एकदम हळू बोलला, समोरच्या खाटेला ऐकू जाऊ नये इतकं हळू.

"त्या दिवशी मी काय म्हणालो, आलं होतं ना तुला ऐकू?"

मी म्हणालो, मिलचा गोंगाट होता.

"दार लावलेलं होतं, उत्तम. त्या खोलीत घड्याळाची टिकटिक ऐकू येते."

मी काचेचं सांगायला लागलो. त्यानं पुरं ऐकून घेतलं.

"मला खाली बसून दिसला तो. तू तर उभा होतास."

आता लिहायला बसलोच आहे तर लिहितो. प्रल्हाद म्हणाला होता, 'थांब, उत्तम, सोपान अजून आतच आहे.' स्पष्ट म्हणाला होता, माझं नाव घेऊन. आणि मलाही दिसत होता. काच मळलेली होती, पण माणूस दिसत नाही इतकी मळलेली काच नसते. त्याची पाठ दिसत होती, शर्टावर घामाचा नकाशा, हातात सांडशी. चार पावलं चालला होता, चार राहिली होती. पेल्यातलं पाणी मी कपाटात उपडं केलं तेव्हा प्रल्हादचे गुडघे माझ्या डोळ्यांसमोर होते, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. तेही खोटं आहे. माझी जीभ तुटलेल्या दाताच्या जागी फिरत होती. ऐंशी माणसांसमोर त्यानं माझ्या तोंडात मारली होती.

"त्यानं मला मारलं तेव्हा त्याला ठाऊक नव्हतं," प्रल्हाद म्हणाला. "तुला ठाऊक होतं."

तू कोणाला सांगणार आहेस का, असं मी विचारलं. लाज वाटते, पण तेच विचारलं. तो नाही म्हणाला. कोणालाच नाही. मग हनुवटीनं समोर दाखवून म्हणाला, "केळी त्याला दे. त्याचं कोणी आलं नाही आज."

वॉर्डाच्या मधली वाट सहा-सात पावलांची. मी केळी घेऊन उठलो आणि सोपानच्या खाटेपाशी गेलो. त्यानं मान वळवली. मला बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, उत्तमभाऊ, बरं झालं तू शोधून काढलंस. नाहीतर त्या दिवशी प्रल्हाद माझ्या हातून मेला असता.

त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले होते. पलीकडून प्रल्हाद बघत होता. मी एक केळं सोललं आणि सोपानच्या तोंडाशी धरलं. त्यानं सगळं खाल्लं.